हे घरी नाहीत

माणूस या जगात एकटा येतो आणि एकटाच जातो, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला रांगेच्या मधल्या खुर्चीवर कधी कुणी बसवलं नसावं. मधल्या खुर्चीवरचा माणूस एकटा येऊ शकतो. जायचं म्हटलं की अर्ध्या रांगेचे गुडघे, पिशव्या आणि एक झोपलेलं मूल ओलांडावं लागतं. मला तर तसंही जाता येत नव्हतं. एका नाचाच्या क्लासचं ते तळघर. भिंतीवरच्या आरशांवर काळ्या चादरी टाकलेल्या, खुर्च्या एकमेकींना पट्टीने जखडलेल्या, आणि बाहेर पडायचं एकुलतं एक दार रंगमंचाच्या पलीकडे. म्हणजे ज्याला कार्यक्रम असह्य होईल त्याने कार्यक्रमातूनच चालत जायचं. रंगमंच तरी कसला, फरशीवर चिकटपट्टीने आखलेला एक चौकोन. त्या चौकोनाच्या कडेला कलाकार ओळीने उभे होते आणि ओळीच्या शेवटी, काळा टी-शर्ट घालून, आमचे हे. ह्यांना बिनकॉलरचं घराबाहेर पडलेलं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. मान एवढी लांब आहे हेही तिथेच कळलं.

मला एक काम नेमून दिलेलं होतं. ह्यांच्या उजव्या कानाकडे बघत राहायचं.

त्या आठवड्यातच ते सगळं सुरू झालं होतं, निदान माझ्यापुरतं. सकाळी चहाचा कप खाली ठेवून हे म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी माझा कार्यक्रम आहे." मी गॅस बंद केला. एवढं धडधाकट वाक्य, कर्ता, क्रियापद, वर वेळसुद्धा, ह्यांच्या तोंडून आपणहून आलेलं मी शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना. हे लिफ्टचे इन्स्पेक्टर होते. जन्मभर इमारतींच्या पोटात शिरून दोर, ब्रेक आणि दारं तपासली. लिफ्ट ही जगातली एकमेव जागा जिथे माणसं गप्प उभी राहतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. ह्यांनी धंदा बरोबर निवडला होता. निवृत्तीनंतर पाठ धरली, तेव्हा व्यायाम करून घेणारी एक मुलगी गाठली. तिला मी कंबरवाली म्हणते. मंगळवारी आणि शुक्रवारी हे कंबरवालीकडे जातात आणि पाठ सरळ करून येतात, अशी माझी समजूत होती. निघालं असं की पाठ केव्हाच बरी झालेली. कंबरवाली स्वतः एका क्लासला जायची, तिने ह्यांनाही ओढलं होतं.

"कसला क्लास?"

"आयत्या वेळी नाटक करायचं."

"म्हणजे पाठ काय करायचं?"

"काही नाही."

"मग बोलायचं काय?"

"सुचेल ते."

"तुम्हाला?" मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं. हे काही बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखंच. पण नेहमीचं न बोलणं कुठे संपतं आणि रागावलेलं न बोलणं कुठे सुरू होतं, एवढं ओळखायची सवय मला आहे. मग मी विचारलं की नियम तरी काय असतो त्या नाटकाचा. तर म्हणाले, नियम एकच, समोरच्याला नाही म्हणायचं नाही. समोरचा म्हणाला तू घोडा आहेस, तर म्हणायचं, हो, आणि मला पाणी पाजा. हो म्हणायचं आणि पुढे काहीतरी जोडायचं. "हो, आणि". मी ह्यांच्याकडे बघत राहिले. या घरात इतकी वर्षं मी काहीही विचारलं तरी एकच उत्तर मिळत आलंय, ते म्हणजे "बघू". भिंतीला रंग काढायचा का? बघू. माझी बहीण चार दिवस राहायला येतेय. बघू. "बघू"चं बरं असतं, त्याला हो म्हणून धरता येत नाही आणि नाही म्हणून भांडता येत नाही. ते दारात उभं राहतं, ना आत ना बाहेर. आमच्या घरातल्या बहुतेक वस्तू ह्यांच्या "बघू"नंतर मीच जाऊन आणलेल्या आहेत. आणि हा माणूस बाहेर जाऊन परक्या लोकांना "हो, आणि" म्हणत होता.

शनिवारी दुपारी टी-शर्ट अंगात चढवताना हे म्हणाले, "अगं, एक कर. मला सुचेनासं झालं की मी उजवा कान धरीन. तू खोक."

"खोकून काय होणार?"

"सगळे तुझ्याकडे बघतील. तेवढ्यात मला सुचेल." टी-शर्ट खाली ओढून म्हणाले, "तुझा खोकला मोठा आहे." कौतुक असावं.

तर मी कानाकडे बघत होते. केसांची पोनी बांधलेले, माझ्या लेकीपेक्षा लहान असे त्या क्लासचे सर पुढे आले आणि म्हणाले की हे सगळे नवशिके आहेत, चुकतील, चुकले की टाळ्या वाजवा. पहिल्या प्रवेशात दोन मुली पेंग्विन झाल्या आणि घटस्फोटावर आल्या. दुसऱ्यात एकजण न्हावी होता आणि त्याच्या ते लक्षात राहिलं नाही. लोक हसत होते, पण ते हसू नातेवाइकांचं होतं. मी कान तयार असलेली बाई, मला कळतं. पेंग्विन बोलला की उजवा कोपरा हसायचा, न्हावी बोलला की मागची रांग. प्रत्येक कलाकाराने आपापलं हसू घरून आणलं होतं. ह्यांच्यासाठी फक्त मी आणलेली होते, आणि मला खोकायला सांगितलं होतं.

डाव्या बाजूला न्हाव्याची आई बसली होती. तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "तुमचं कोण आहे?"

"ते शेवटचे."

"वडील का?"

"मिस्टर."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला, दवाखान्याबाहेरच्या बाकावर ठेवतात तसा. मग म्हणाली, "तुमचा आवाज किती लहान वाटतो हो. अंधारात कळलंच नाही."

माझ्या आवाजाचं हे जन्मभर झालंय. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डवर ऑपरेटर होते. कान झाकणारा हेडफोन, समोर दिवे, दिवा लागला की खटका दाबायचा आणि म्हणायचं, "नमस्कार, बोला." माझ्या "बोला"वर रडणारी माणसं रडायची थांबून वॉर्ड नंबर नीट सांगायची, असं मेट्रन सगळ्यांना सांगत असे. एकदा एक नवे डॉक्टर आवाज कुणाचा म्हणून बघायला मुद्दाम खाली आले, मला बघितलं, "सॉरी, रॉंग नंबर," म्हणाले आणि वर गेले. मी दिवसभर इकडचं बोलणं तिकडे जोडायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं. नोकरीत हे सोपं असतं, खटका वर केला की झालं. घरी मात्र जी मध्ये बसले ती बसलेच. फोन वाजला की हे हाताने नाही नाही करायचे आणि मी माझ्या त्या आवाजात सांगायची, "हे घरी नाहीत." हे समोर, पाय स्टुलावर, तोंडापुढे पेपर. ह्यांच्या साहेबांना मी सांगितलं, ह्यांच्या भावाला सांगितलं, ज्याच्या लग्नाला आम्ही जाणार नव्हतो त्याला सांगितलं. डॉक्टरांनी ह्यांना विचारायचं कुठे दुखतं, मी सांगायचं डावीकडे, खाली, वाकलं की. आणि डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं की ह्यांनी मान हलवायची, साहेब सही करतात तशी. दुकानात ह्यांच्या चपलेला अंगठ्याशी लागतं हे मला कळायचं. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यांना मी फोन लावले, आणि जो तो फोनवर माझंच सांत्वन करत राहिला. हे खिडकीशी उभे होते, तिकडे कुणी गेलंच नाही.

आणि लेक परदेशी गेली त्या आठवड्यात तिचा पहिला फोन आला. "आई, बाबांना दे ना." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात हलवला. जरा जोरातच हलवला. मी म्हटलं, "बाबा घरी नाहीत गं." ती म्हणाली, "मागे त्यांचा रेडिओ ऐकू येतोय." मी म्हटलं, तो मीच लावलाय. त्यानंतर तिने बाबांना दे असं पुन्हा म्हटलं नाही. बाबा कसे आहेत असं विचारते, आणि मी सांगते, छान आहेत, तुझी आठवण काढतात. हे "आठवण काढतात" कुठून आलं ते मला विचारू नका. मलाही ते सुचलंच होतं, आयत्या वेळी.

मी इतका वेळ कानावरची नजर हलवली नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, न्हाव्याच्या आईला वाटलं असणार कसलं भलतंच. खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसून माझ्या मनात दोन प्रार्थना एकाच वेळी चालू होत्या, बोर्डावर दोन लाइनी एकमेकींत मिसळायच्या तशा. एक होती की ह्यांची दातखीळ बसू नये. दुसरी तिच्याखाली हळू आवाजात होती, की बसावी. हात कानाकडे जावा, मी खोकावं, हे वाचावेत. कारण समजा हा माणूस उभा राहिला आणि घडाघडा बोलला, तर मग इतकी वर्षं मी कुणाच्या वतीने बोलत होते? मुक्याचं बोट धरून चाललेली बाई पुण्यवान. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवून बसलेल्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि ते तिथे, सगळ्यांदेखत, अंधारात कळून घ्यायची तयारीही नव्हती. उठून जावंसं वाटलं. दार चौकोनाच्या पलीकडे होतं.

पोनीवाले सर म्हणाले, "एक जागा सांगा." मागून कुणीतरी ओरडलं, "बंद पडलेली लिफ्ट." सर म्हणाले, "वा." आणि ओळीतून न्हावी व आमचे हे पुढे आले. लिफ्टवाल्याच्या बायकोचा जीव तसाही जन्मभर टांगणीलाच असतो.

न्हाव्याने, आता तो न्हावी नव्हता, दचकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, लिफ्ट थांबली."

मी कान बघितला. हात खालीच होता.

"काका, दोर तुटणार. आपण खाली पडणार."

आता ह्यांना नाही म्हणायला बंदी होती, आणि दोर तुटत नसतो हे तर ह्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. एकुलती एक गोष्ट, जिच्यावर हे जेवताना दोन वाक्यं बोलायचे. ह्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, बिनकॉलरची सगळ्यांना दिसली. मग हे म्हणाले, "हो. आणि तो तुटला की दुसरा असतो. तो तुटला की तिसरा. बस खाली, वेळ लागेल."

हसले लोक. सगळे कोपरे हसले. आणि ते नातेवाइकांचं हसू नव्हतं, हे मला सगळ्यांआधी कळलं. न्हावी खरंच खाली बसला. "काका, मला भीती वाटते." हे म्हणाले, "हो, आणि मलाही." आणि थांबले.

थांबले ते थांबलेच. तळघरात पंख्याचा आवाज यायला लागला. तेवढ्यात पुढच्या माणसाने डोकं इकडून तिकडे नेलं आणि मला हे अर्धे दिसेनासे झाले; मी वाकले, तर ह्यांचा उजवा हात वर गेलेला होता. मूठ करून, कानाला घट्ट.

मी खोकले.

मी पूर्ण मनापासून खोकले. झोपलेलं मूल उठलं. पुढच्या माणसाने डोक्यावर हात धरला. सगळं तळघर माझ्याकडे वळलं, आणि त्या वळलेल्या तोंडांच्या फटीतून मी बघितलं, तर हे अजिबात अडलेले नव्हते. हे मुठीशी बोलत होते. लिफ्टच्या भिंतीतल्या छोट्या दाराआडचा, तातडीच्या वेळचा टेलिफोन ह्यांनी काढून कानाला लावला होता. उभा जन्म टेलिफोनवर काढलेल्या बाईला टेलिफोन ओळखता आला नाही. आला नाही, कारण या माणसाच्या कानाला तो मी कधी बघितलाच नव्हता.

"हॅलो," हे म्हणत होते. क्षणभर माझ्या दिशेने बघितलं. "नाही, एकटा नाही. मागे माझी बायको खोकतेय."

लोक हसत सुटले. न्हाव्याच्या आईने माझा हात दाबला. मला त्या हातातून माझा हात काढता येईना.

चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला कंबरवाली पुढे आली आणि तिनेही मूठ कानाला लावली. आता ती कोण हे तिने ठरवायचं होतं, तसा त्या खेळाचा कायदा आहे. ती साहेब होऊ शकली असती, अग्निशमनवाली होऊ शकली असती. ती म्हणाली, "बाबा?"

ह्यांचा खांदा हलला. मी ओळखते तो खांदा, फोन वाजला की हाताच्या आधी तो हलतो.

"हो," हे म्हणाले. "आणि... मी लिफ्टमध्ये अडकलोय."

"म्हणून फोन केलात? एरवी तुम्ही कधी करत नाही."

"हो. आणि इथे दुसरं कुणी उचलणारं नाही."

"घरी कोण उचलतं?"

"तुझी आई. तिचा आवाज ऐकलायस ना? तिच्यानंतर आपला काढायचा म्हणजे..." हे शोधत राहिले, आणि आता हात कानालाच होता, त्यामुळे कान धरलाय की फोन हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी खोकले नाही. "...म्हणजे रेडिओ बंद करून दार वाजवल्यासारखं वाटतं."

लोक हसले नाहीत. कुणीतरी एकटंच हसलं आणि थांबलं. रेडिओ. तो ह्यांना आयत्या वेळी सुचला, की इतकी वर्षं तिथेच होता? हे वाक्य माझ्या आवाजाचं कौतुक होतं की माझ्यावरची फिर्याद? हे मला आता, लगेच, विचारायचं होतं. पण ते लिफ्टमध्ये होते, मी खुर्चीत होते, आणि आम्हा दोघांच्या मध्ये पुढच्या माणसाचं डोकं होतं.

"बाबा," कंबरवाली म्हणाली, "आईला द्या."

आणि ह्यांनी मूठ कानावरून काढली, चौकोनाच्या पट्टीपर्यंत चालत आले, आणि अंधाराकडे, माझ्याकडे, तो नसलेला टेलिफोन पुढे केला. पुढच्या माणसाने डोकं बाजूला घेतलं. त्याला आत्ता सुचलं. सगळं तळघर थांबलं होतं. माझ्या समोर एक हात होता, लिफ्टच्या दारात बोट सापडून वाकडी झालेली करंगळी, आणि हाताच्या मागे ह्यांचा चेहरा, ज्यावर अगदी नव्याने शिकल्यासारखं काहीतरी होतं. मी काही ठरवलं नाही. दिवा लागला होता, मी खटका दाबला. माझ्या त्या आवाजात, नम्र, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत, मी म्हटलं,

"हे घरी नाहीत."

मग जे झालं ते मी हसणं म्हणणार नाही. न्हाव्याची आई माझ्या अंगावर पडली. पोनीवाल्या सरांनी दिवे घालवले आणि अंधारातही ते चालूच राहिलं. आणि त्या सगळ्या आवाजातून मला एक हसू वेगळं ऐकू आलं, खरखरीत, वापरात नसलेलं, गंजलेल्या दारासारखं. लग्नापासूनचं ते दुसरं असावं. त्याला आनंद म्हणावं की नाही हे मला अंधारात कळेना. मी मात्र हसले नव्हते. मी नेहमीचंच सांगितलं होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

बाहेर रस्त्यावर अजून उजेड होता. न्हाव्याच्या आईने जाता जाता सांगितलं की तुम्ही दोघांनी काय छान बसवलंय. कंबरवाली ह्यांना मिठी मारून गेली, हे फळीसारखे उभे राहिले. मग आम्ही दोघंच फुटपाथवर. माझ्याजवळ प्रश्नांची रांग लागली होती, पण मी सगळ्या लाइनी होल्डवर टाकल्या, कारण मी तळघराच्या पायऱ्या चढतानाच शपथ घेतली होती: आजपासून ह्यांच्या वतीने एक अक्षर बोलायचं नाही. डॉक्टरांना नाही, चपलेवाल्याला नाही, आणि उद्या लेकीचा फोन आला तर उचलायचासुद्धा नाही. वाजू दे. वाजता वाजता कधीतरी ह्यांना कंटाळा येईल. इतक्या वर्षांनी मी खटका वर करणार होते आणि मधून बाजूला होणार होते. मला अगदी हलकं वाटलं, आणि थोडं, उंचावरून खाली बघितल्यावर वाटतं तसं.

टॅक्सी थांबली. आम्ही मागे बसलो. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "कुठे जायचं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तोंड मिटून घेतलं. इंजिन चालू होतं, मीटर पडला, मागच्या गाडीने हॉर्न दिला. टॅक्सीवाल्याने मान वळवून आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हलले नाही. शेजारी ह्यांनी घसा खाकरला. मी श्वास धरला. पुन्हा खाकरला. मग एक हात माझ्या कोपराला लागला, आणि हे घोगऱ्या आवाजात, कानाशी येऊन म्हणाले,

"अगं, घसा बसलाय. पत्ता तेवढा तू सांग."